जखम भरली, पण कशामुळे?
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय आहे झाडपाल्यापासून केलेली मलमे आणि त्यांची परीक्षा. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, हकीमही नाही. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला कसा आला, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना एकच सवय लावण्याचा प्रयत्न करतो. कोणी काही सांगितले की विचारायचे, "हे कशावरून?" जो प्रश्न बखरीला विचारायचा, तोच मलमाच्या डबीलाही विचारता येतो. तो कसा विचारायचा, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्या घरांत जखमेवर काय काय लावले जाते ते आठवून पाहा. मूल पडून गुडघा खरचटला की हळद. शेतात विळा लागला की एकदांडीचा पाला चुरगळून त्याचा रस. याच झाडाला कोणी दगडी पाला म्हणतात. भाजले की कोरफडीचा गर. टाचांना भेगा पडल्या की कोकमाचे तेल. खरजेवर कडुनिंब. शिवाय प्रत्येक गावात एखादे घर असे असते की जिथले मलम पंचक्रोशीत प्रसिद्ध असते, आणि त्याची कृती सासूकडून सुनेकडे जात असते. 'मलम' हा शब्दसुद्धा 'मरहम' या अरबी शब्दावरून आपल्या भाषेत आलेला आहे. म्हणजे ही विद्या वैद्यांची आहे, हकिमांची आहे आणि आपल्या आजी-दादींचीही आहे. तिची टिंगल करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ज्या वस्तूची किंमत आहे तीच आपण सोनाराकडे कसाला लावतो. कथिल कोणी कसाला लावत नाही.

प्रथम जखम भरते कशी, ते थोडक्यात पाहू. कातडी कापली की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते आणि भगदाड बुजते. मग दोनचार दिवस जागा लाल होते, सुजते, ठणकते. त्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेले मांस साफ करीत असतात. त्यानंतर तळाशी लाल, दाणेदार नवे मांस धरू लागते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन नावाचे धागे विणले जातात आणि कडेकडून नवी कातडी सरकत आत येते. शेवटी व्रण राहतो. हा व्रण पुढे वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घट्ट होत राहतो. तरी मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळकटी त्याला सहसा येत नाही.

या सर्व कारखान्यात मलमाचा उल्लेख कोठेच आला नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. निरोगी माणसाची साधी जखम मलमाशिवाय भरते. शरीराला ही तालीम उपजत मिळालेली आहे. आणि नेमकी येथेच सगळी अडचण आहे. जी गोष्ट आपोआप व्हायचीच आहे, तिचे श्रेय शेजारी उभा असलेला कोणीही घेऊ शकतो. पहाटे कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो; म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे आपण म्हणत नाही. जखमेच्या बाबतीत मात्र आपण रोज तसे म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या दोन मुलींनी विज्ञान प्रदर्शनात हळद, कडुनिंब आणि खोबरेल तेल यांचे मलम मांडले होते. कृती त्यांतील एकीच्या दादीची. पाटीवर लिहिले होते, "सात जणांनी वापरले, सातही जण बरे झाले." परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी मलमाचा वास घेतला, मुलींचे कौतुक केले आणि विचारले, "बेटा, या सात जणांनी हे लावले नसते, तर त्यांतले किती बरे झाले असते?" मुली गप्प झाल्या. मग एकजण हळूच म्हणाली, "सातही झाले असते." त्या मुलीच्या उत्तराला माझ्या मते पहिले बक्षीस द्यायला हवे होते. औषधाची परीक्षा म्हणतात ती याच उत्तरापासून सुरू होते.

आता प्रयोगशाळेत ही परीक्षा कशी घेतात ते पाहू.

पहिली पायरी म्हणजे झाड ओळखणे. ही पायरी वाटते तितकी सोपी नाही. आपल्याकडे ओलाव्याच्या जागी वाढणाऱ्या, गोल पानांच्या कारिवण्याला काही लोक ब्राह्मी म्हणतात; आणि जाड, लांबट पानांची, पांढरट फुलांची एक निराळीच वनस्पती आहे, तिलाही ब्राह्मीच म्हणतात. कारिवण्यात एशियाटिकोसाइड नावाचे द्रव्य असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या द्रव्याचे ०.२ टक्क्याचे द्रावण गिनीपिगच्या जखमांना लावले, तेव्हा जखमेची बळकटी तुलनेच्या जखमांपेक्षा ५७ टक्के अधिक भरली. आता कोणी 'ब्राह्मी' म्हणून दुसरीच वनस्पती आणून वाटली, तर या प्रयोगाचा दाखला तिला कसा लागू पडेल? म्हणून संशोधक प्रथम झाडाचा नमुना वाळवून, शास्त्रीय नावासह, वनस्पतिसंग्रहात ठेवतात. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयात असा मोठा संग्रह आहे.

दुसरी पायरी मलम बनवण्याची. पाने सावलीत वाळवतात, भरड पूड करतात, अल्कोहोल किंवा पाण्यात अर्क काढतात, तो आटवतात आणि वजन करून मलमाच्या पायात मिसळतात. ब्रिटिश औषधसंहितेतील साध्या मलमाचा पाया असा: लोकरीची चरबी ५ भाग, घट्ट पॅराफिन ५ भाग, सिटोस्टिअरिल अल्कोहोल ५ भाग आणि मऊ पॅराफिन ८५ भाग. ९५ ग्रॅम पायात ५ ग्रॅम अर्क मिसळला की ५ टक्क्यांचे मलम झाले. चिमूटभर, मूठभर ही मापे येथे चालत नाहीत. कारण ज्याचे माप नाही, ते दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येत नाही.

तिसरी पायरी तुलनेची. पांढऱ्या उंदरांना भूल देऊन त्यांच्या पाठीवर सारख्या मापाची गोल जखम करतात. मग गट पाडतात. एका गटाला झाडपाल्याचे मलम, दुसऱ्याला दवाखान्यात नेहमी वापरतात ते मलम, आणि तिसऱ्याला औषध न घातलेला नुसता पाया. हा तिसरा गट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण मोठे मजेदार आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग केले. काही जखमा उघड्या ठेवून खपली धरू दिली आणि काही पातळ प्लॅस्टिकने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने धरली. औषध काहीच नव्हते. ओलावा टिकला, एवढेच. म्हणजे नुसते चोपडे मलमही ओलावा धरून जखमेला मदत करू शकते. तेव्हा झाडाच्या अर्काचे श्रेय किती आणि चोपडेपणाचे किती, हे नुसत्या पायाशी तुलना केल्याशिवाय समजणार नाही. दादीच्या मलमात गुण हळदीचा होता की खोबरेलाचा, हा प्रश्नही तसाच.

चौथी पायरी मोजमापाची. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड गिरवतात, आणि तो कागद आलेखाच्या वहीवर ठेवून चौरस मिलिमीटर मोजतात. आठवीच्या गणितात आपण अनियमित आकृतीचे क्षेत्रफळ असेच काढतो. ठराविक दिवसांनी हे माप घ्यायचे. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात सरळ चीर पाडून टाके घालतात आणि काही दिवसांनी भरलेली चीर पुन्हा उसवायला किती वजन लागते ते पाहतात. जखम दिसायला बंद झाली तरी आतून कच्ची असू शकते, म्हणून ही दुसरी कसोटी. मॉर्टन आणि मॅलोन यांनी १९७२ साली मांडलेल्या पद्धतीचा आधार घेऊन भारतातल्या अनेक औषधनिर्माण महाविद्यालयांत अशा चाचण्या झाल्या आहेत.

पाचवी पायरी माणसाच्या मनाला लगाम घालण्याची. कोणता उंदीर किंवा कोणता रोगी कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे; नाहीतर हलक्या जखमा नकळत आपल्या आवडत्या मलमाच्या वाट्याला जातात. डब्यांवर नावे न घालता 'अ' आणि 'ब' लिहायचे, आणि माप घेणाऱ्याला कोणती डबी कशाची हे कळू द्यायचे नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आपण नाव न घालता क्रमांक घालतो, तो याचसाठी. परीक्षक बेइमान असतो म्हणून नव्हे, तर तो माणूस असतो म्हणून.

मित्रहो, तुलनेची ही कल्पना आपल्याला परकी नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीस निधन पावलेले थोर हकीम अबू बक्र अल-राझी यांनी लिहून ठेवले आहे की, डोक्याच्या एका गंभीर विकारात त्यांनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, ते तुलना करता यावी म्हणून. रक्त काढण्याचा तो उपचार आज कोणी करणार नाही, परंतु "न केलेल्यांचे काय झाले?" हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी विचारला गेला, हे महत्त्वाचे. त्यांच्या नंतरचे इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात औषधाच्या परीक्षेच्या सात अटी दिल्या आहेत. परिणाम नेहमी दिसला पाहिजे, एखाद्या वेळी दिसला तर तो योगायोग समजावा, ही एक अट. आणि परीक्षा अखेर माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर घेतलेल्या परीक्षेवरून माणसाविषयी काही सिद्ध होईलच असे नाही, ही दुसरी.

ही दुसरी अट मलमांच्या बाबतीत आजही खरी ठरते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे उंदराची जखम पिशवीची नाडी ओढावी तशी आवळून बंद होते. माणसाची जखम बव्हंशी नवे मांस आणि नवी कातडी धरून भरते. डुकराची कातडी त्या मानाने आपल्या कातडीच्या जवळची. म्हणून "उंदरांवर गुण आला" असे वर्तमानपत्रात वाचले, तर ती परीक्षेतली पहिली पायरी समजावी, निकाल समजू नये. कितीतरी झाडांची मलमे या पायरीवरच थांबलेली आहेत. कोणी त्यांना पुढच्या वर्गात बसवलेच नाही.

माणसांवर परीक्षा झाली की काय होते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले उदाहरण आपल्या दारातल्या कोरफडीचे. १९९५ साली थायलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाजलेल्या २७ रोग्यांच्या जखमांची तुलना केली. कोरफडीचा गर लावलेल्या जखमा सरासरी १२ दिवसांत भरल्या, तर व्हॅसलिन लावलेल्या कापडाखालच्या जखमांना १८ दिवस लागले. हे ऐकून आपण खूष होतो. परंतु १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास पाहा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांची जखम उघडी राहिली अशा २१ स्त्रियांवर तो झाला. नेहमीच्या उपचाराने जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले, आणि कोरफडीचे जेल लावलेल्यांना ८३ दिवस. तीच कोरफड, एके ठिकाणी सहा दिवस वाचले, दुसरीकडे महिना जादा गेला. २०१२ साली तज्ज्ञांनी असे सात अभ्यास, एकूण ३४७ माणसांचे, एकत्र तपासले आणि सांगितले की, ठाम निर्णय द्यावा इतका चांगला पुरावा अजून नाही. यावरून काय शिकायचे? "कोरफड चांगली की वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणती जखम, किती खोल, कोणत्या रोग्याची, कशाशी तुलना, असे विचारावे लागते.

दुसरे उदाहरण पूर्ण उत्तीर्ण झालेल्या मलमाचे. काही मुलांना जन्मतःच असा आजार असतो की, नुसत्या घर्षणाने त्यांची कातडी फुलपाखराच्या पंखासारखी सुटते. त्यांच्या अंगावर सतत जखमा असतात. अशांसाठी थंड प्रदेशातील बर्च नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क सूर्यफुलाच्या तेलात घालून एक जेल तयार करण्यात आले. आपल्या हिमालयात ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, तो भूर्ज वृक्ष या बर्चचाच भाऊबंद. हे जेल २८ देशांतील २२३ रोग्यांवर तपासले. अर्धे रोगी खऱ्या जेलचे, अर्धे तशाच दिसणाऱ्या पण साल नसलेल्या जेलचे. कोणाला कोणते, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ४५ दिवसांनी खऱ्या जेलच्या गटात १०० पैकी सुमारे ४१ जणांची ठरवलेली जखम पूर्ण भरली. नुसत्या जेलच्या गटात १०० पैकी सुमारे २९ जणांची. या पुराव्यावर २०२२ साली युरोपने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली.

विद्यार्थी मित्रहो, येथे जरा वजाबाकी करा. तुलनेचा गट नसता, तर जाहिरातीत छापले असते की १०० पैकी ४१ जण या सालीने बरे झाले. परंतु २९ जण सालीशिवायही बरे झालेच असते. म्हणजे सालीचे खरे श्रेय १२ जणांचे. एक्केचाळीस वजा एकोणतीस, असला हिशेब पहिली-दुसरीतले मूलही करील. पण तो २९ चा आकडा मिळवण्यासाठी किती मोठी शिस्त लागते, ते पाहा. ज्या आईच्या लेकराची जखम त्या बारांमध्ये आहे, तिला हे १२ म्हणजे सारे जग आहे. आणि ज्या मलमाचा २९ चा आकडा कोणी काढलेलाच नाही, त्याच्या ४१ वर विश्वास ठेवायला जागा नाही.

असे प्रयोग परदेशातच होतात, असा समज करून घेऊ नका. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या साली भाजलेल्या जखमांवर झाकण म्हणून वापरून पाहिल्या. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केळीचे पान गुळगुळीत, गार आणि जखमेला न चिकटणारे. पट्टी काढताना रोगी कळवळत नाही. शिवाय ते स्वस्त. मात्र हे पान परसातून तोडून तसेच लावलेले नव्हते, ते निर्जंतुक करून वापरले होते, हे विसरू नये. घरातल्या साध्या वस्तूकडे डोळसपणे पाहिले, मोजले, छापले, तर तिची शास्त्रात गणना होते.

'छापले' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या देशात मोठी खळबळ उडाली. मूळचे गोव्यातील माशेल गावचे आणि मुंबईत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने हे पेटंट आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? "आमच्या प्रत्येक आजीला हे माहीत आहे," एवढे म्हणून भागले नाही. परिषदेने ३२ लेखी आधार पुढे केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी भाषांतील जुने मजकूर होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकात १९५३ साली छापून आलेला लेखही होता. तोंडी ज्ञान कितीही खरे असले तरी दरबारात कागद लागतो. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो संगणकीय कोश सरकारने सुरू केला, त्यात आयुर्वेदाबरोबर युनानी ग्रंथांतील अरबी, फारसी, उर्दू नुस्खेही घेतलेले आहेत.

पण येथे एक फरक नीट समजून घ्या. पेटंट रद्द झाले ते हळदीचा हा उपयोग नवा नाही म्हणून. हळदीने प्रत्येक जखम लवकर भरते, असा निकाल त्यात कोणी दिलेला नाही. एखादी गोष्ट जुनी असणे वेगळे आणि ती सिद्ध असणे वेगळे. जुनेपणामुळे तिला परीक्षेला बसण्याचा हक्क मिळतो. उत्तीर्ण होण्याचा नव्हे.

आता पालकांना थोडे सांगतो. हे सारे शास्त्रज्ञांचे काम, आमचा काय संबंध, असे म्हणू नका. आमच्या मोहल्ल्यात मधुमेह असलेले एक गृहस्थ होते. पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. दुखले नाही, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. कोणी पाला सांगितला, कोणी तेल. महिनाभर डब्या बदलत राहिल्या. शेवटी अंगठा काळा पडल्यावर दवाखान्यात नेले, आणि पाय घोट्यावरून काढावा लागला. त्या पाल्यात विष नव्हते. जीव गेला नाही. पण तो महिना गेला. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, रक्तपुरवठा कमी होतो. जखम दुखत नाही आणि आपोआप भरतही नाही. म्हणजे जिथे शरीराचा स्वतःचा कारखानाच बंद पडलेला असतो, नेमके तिथे आपण साध्या खरचटण्यावर नाव मिळवलेले मलम घेऊन जातो. असिद्ध मलमाचे खरे नुकसान हे असते. ते वेळ खाते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लहान खरचटलेली जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे हाच पहिला उपचार. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, शाई, चुना काहीही नाही. कुत्रा चावल्यास पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याने धुणे आणि त्याच दिवशी लस. तिखट आणि तेल भरून घरी बसणे म्हणजे जिवाशी खेळ. खोल जखम, गंजलेल्या वस्तूची किंवा मातीने भरलेली जखम असेल तर धनुर्वाताच्या लसीसाठी दवाखाना. मधुमेही माणसाच्या पायाची कोणतीही जखम, मग ती तिळाएवढी का असेना, डॉक्टरांना दाखवावी. आणि बाजारातले मलम घेताना 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' या अक्षरांवर भाळू नका. परवाना क्रमांक, घटक आणि मुदत वाचा. १९९९ साली लंडन येथे ११ चिनी 'वनस्पतिजन्य' मलमे तपासली, तेव्हा त्यांतील आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. स्टेरॉइडने खाज आणि लाली झटकन जाते, पण जखम भरण्याचे काम उलट मंदावते. लगेच गुण येतो म्हणून आपण ज्याची वाहवा करतो, त्यात असेही काही असू शकते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्यासाठी थोडे काम. मलम करून माणसांवर किंवा प्राण्यांवर लावून पाहायचे नाही. प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेतच, समितीच्या परवानगीने करता येतात. आणि माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची मान्यता, रोग्याची लेखी संमती आणि सरकारी नोंदणी लागते. पण शाळेत करण्याजोगे पुष्कळ आहे. दादीकडे, नानीकडे बसा आणि कोणत्या जखमेला कोणते झाड, त्याचा कोणता भाग, किती आणि किती दिवस, हे तिच्या शब्दांत वहीत उतरवा. त्या झाडाची फुलासह फांदी वाळवून कागदावर चिकटवा आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या. कागदावर वेडीवाकडी 'जखम' काढून चार जणांनी वेगवेगळे तिचे क्षेत्रफळ मोजा. चौघांची उत्तरे किती वेगळी येतात ते पाहा, म्हणजे मोजमाप हे किती जबाबदारीचे काम आहे ते कळेल. ज्या दोन मुलींविषयी मी सांगितले, त्यांनी यंदा असेच काम हाती घेतले आहे. त्यांच्या वहीत आतापर्यंत १९ झाडे झाली आहेत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक रकाना त्यांनी स्वतःहून ठेवला आहे: "न लावल्यास काय होते?" त्यांतले बहुतेक रकाने रिकामे आहेत. ते रिकामे आहेत हेच मला फार मोलाचे वाटते. वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण, वैद्यक, संख्याशास्त्र, यांपैकी काहीही शिकून तुमच्यातील कोणीतरी त्यांतला एक रकाना भरावा. पालकांनो, मुलीला विज्ञान शाखेकडे पाठवावे की नाही याचा घरात विचार चालू असेल, तर हे रकानेही विचारात घ्या.

ज्या विद्येने आपल्या पूर्वजांच्या जखमा बांधल्या, तिचा मान राखण्याचा एकच मार्ग मला दिसतो: तिला प्रश्न विचारणे, आणि उत्तर मनाविरुद्ध आले तरी ते लिहून ठेवणे.